तोंडात बसलं की हातात बसतं

मागच्या अंकात स्क्रॅचिंग म्हणजे नक्की काय ते थोडक्यात लिहिलं होतं, एका हाताने रेकॉर्ड पुढे-मागे करायची आणि दुसऱ्या हाताने मिक्सरवरची क्रॉसफेडर नावाची आडवी सरकपट्टी उघड-बंद करून तो आवाज कापायचा, आणि खाली म्हटलं होतं की काही अडत असेल तर लिहून पाठवा. बऱ्याच जणांनी पाठवलंय. मला वाटलेलं की कुठलं मशीन घेऊ, कुठली सुई घेऊ असेच प्रश्न येतील, पण जास्त करून प्रश्न आलेत ते टायमिंगचे, म्हणजे हात चालतो पण बीटवर बसत नाही, आणि हे वाचून मला खरंच बरं वाटलं कारण आपण बीटवर नाहीये हे ज्याला ऐकू येतं त्याचं अर्धं काम झालेलं असतं. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिलीये कारण पुढची बरीचशी उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : ताई, मी सहा महिन्यांपासून रोज तासभर प्रॅक्टिस करतो. बेबी स्क्रॅच, टेअर, ट्रान्सफॉर्मर हे स्क्रॅचचे प्रकार नुसते वाजवले तर सगळं क्लीन येतं. पण मागे बीट लावला की दोन-तीन बारमधे सगळं घसरतं, मित्र म्हणतो तू पुढे पळतोस. मी मनात मोजायचा प्रयत्न करतो पण मोजायला गेलो की हात चुकतो आणि हाताकडे लक्ष दिलं की मोजणं सुटतं. काय करू?

मनात मोजू नकोस. मोठ्याने मोज, खोलीतल्या दुसऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मनातल्या मोजणीची भानगड अशी आहे की हात घाईत गेला की मनातलं "तीन" पण त्याच्या मागोमाग घाईत जातं आणि दोघं मिळून पळालेत हे तुला कळतच नाही, पण तोंडातून "तीन" बाहेर पडला आणि त्याच क्षणी स्पीकरमधून किक आला नाही तर कानाला लगेच खटकतं. तबला शिकणारे बोल आधी तोंडाने म्हणतात आणि मग हाताने वाजवतात ना, अगदी तेच इथे करायचं. जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही ते हाताने लयीत येणार नाही, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कोणी शिकायला आलं तर पहिले काही दिवस मी त्याला फेडरला हातच लावू देत नाही.

आता मोजायचं काय ते बघ. स्क्रॅचसाठी वापरतात ते बीट बहुतेक चार मात्रांचे असतात, एक-दोन-तीन-चार आणि परत एक, हा झाला एक बार. साध्या हिप-हॉप बीटमधे एक आणि तीनच्या आसपास किक असतो, तो जाड धप्प आवाज, आणि दोन आणि चारवर स्नेअर, तो कडक टप्प. किक इकडे-तिकडे सरकतो, कधी दुहेरी येतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस. स्नेअर मात्र बहुतेक वेळा जागचा हलत नाही, त्यामुळे दोन आणि चार हे तुझे खुंटे, गुरं बांधायच्या खुंट्यासारखे घट्ट, बाकी सगळं त्यांच्या मधे बांधायचं.

बीट ९० बीपीएमचा असेल तर मिनिटाला ९० मात्रा, म्हणजे एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. तिचे दोन भाग केले की "एक नि दोन नि तीन नि चार नि", यातला प्रत्येक "नि" बरोबर मधोमध. चार भाग केले की प्रत्येक भाग १६७ मिलिसेकंदांचा आणि इथे आकडे म्हणत बसलास तर जीभ अडखळते, म्हणून मी एका मात्रेत "त-क-धि-मि" म्हणते. मात्रेचे तीन भाग करायचे असतील तर "त-कि-ट". इंग्रजीत शिकवणारे "वन-ई-अँड-अ" म्हणतात, ते आवडत असेल तर तेही चालेल, फक्त एकच काहीतरी धर आणि रोज तेच म्हण.

हे आता हाताला कसं लावायचं? आधी मशीन बंद. नुसता बीट लाव, ८० ते ९० च्या मधला, त्याहून फास्ट नको, आणि टेबलावर तळवा ठेवून तो पुढे-मागे सरकव जसा रेकॉर्डवर सरकतो तसा. पुढे "एक", मागे "नि", पुढे "दोन", मागे "नि". तोंड चालू ठेवायचं, तोंड थांबलं तर हात पण थांबव आणि पुढच्या "एक"ला परत सुरू कर, मधेच कुठेतरी उडी मारून चढू नकोस. हे लहान मुलांसारखं वाटेल, वाटू दे, पण पाच मिनिटं न अडखळता झालं की मग रेकॉर्डवर ये आणि फेडर उघडा ठेवून हेच बेबी स्क्रॅचने कर. मग त-क-धि-मि वर, त ला पुढे, क ला मागे, धि ला पुढे, मि ला मागे, आणि इथे एक गोष्ट लक्षात येईल की वेग दुप्पट झाला म्हणून हाताची झेप तेवढीच ठेवली तर हात दमतो आणि मागे पडतो. झेप लहान कर. आवाजाची लांबी कमी झाली तरी चालेल, जागा चुकता कामा नये.

आणि आता ते पुढे पळण्याचं. हे फक्त तुझं नाहीये, टकटक करणाऱ्या मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं तर माणसं सहसा टकटकच्या काही मिलिसेकंद आधीच बोट आपटतात, आणि संगीताची सवय असलेल्यांमधे हे कमी असतं, म्हणजे सवयीने कमी करता येतं. पण स्क्रॅचमधे याच्यावर अजून एक भानगड चढते, ती म्हणजे आवाजाची सुरुवात सुईच्या खाली नेमकी कुठे आहे. माझ्या बाबतीत हे कसं सापडलं ते सांगते. मी सुरुवातीला प्रॅक्टिस फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे आणि मला नुसतं "कुठेतरी गडबड आहे" एवढंच कळायचं. एकदा ते रेकॉर्डिंग कंप्युटरवर उघडलं, आवाजाच्या लाटा मोठ्या करून बघितल्या, तर माझा पुढचा स्ट्रोक स्नेअरच्या मागे आणि परतीचा स्ट्रोक त्याच्या जागेच्या पुढे, आणि हे जवळजवळ प्रत्येक बारमधे तसंच. हात डगमगत नव्हता, हात ठरवून तीच चूक करत होता. कारण शोधलं तर आवाज कुठे सुरू होतो त्याची खूण म्हणून रेकॉर्डवर मी लावलेला स्टिकर जरासा सरकलेला, आवाज सुरू व्हायच्या आधी जवळपास बोटभर रिकामी जागा सुईखालून जात होती, हात वेळेवर निघायचा पण आवाज उशिरा पोचायचा, मग तो उशीर भरून काढायला मी मागे येताना घाई करायचे.

बारा इंची रेकॉर्ड ३३⅓ च्या वेगाने फिरते तेव्हा एक फेरी १.८ सेकंदांत होते, आणि बाहेरच्या कडेजवळ १ सेंटीमीटर म्हणजे साधारण २० मिलिसेकंद. आपला हात याच्याहून फास्ट किंवा स्लो चालतो त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही पण अंदाज येतो की बोटभर जागेला किती किंमत आहे. म्हणून प्रत्येक वेळी बसण्याआधी रेकॉर्ड हाताने हळूच मागे-पुढे करून आवाजाची कड शोध, सरावाला वापरतात त्या "आह" या आवाजाचा अगदी पहिला खर्रर्र जिथे लागतो ती जागा, आणि स्टिकर तिथे आण. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटचा सराव या उत्तरातला, आणि हाच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय. तीन बार स्क्रॅच कर, चौथा बार हात रेकॉर्डवर ठेवून गप्प राहा पण तोंडाने मोजत राहा, आणि पुढच्या "एक"वर परत ये. ते जमलं की बीटच असा बनव की त्याचा चौथा बार पूर्ण रिकामा, किकही नाही स्नेअरही नाही, आणि त्या रिकाम्या बारमधे तू वाजव. बीट परत येईल तेव्हा तू त्याच्याबरोबर आहेस की पुढे हे एका क्षणात कळेल, मित्राला विचारायची गरज नाही.

प्रश्न : मला चर्प आणि फ्लेअर शिकायचंय. दोन्ही हात वेगवेगळे ठीक चालतात, एकत्र केले की गोंधळ. व्हिडिओत सगळे "टू क्लिक फ्लेअर" म्हणतात आणि मला तर तीन आवाज ऐकू येतात. मी चुकीचं ऐकतेय का?

तू अगदी बरोबर ऐकतेयस आणि तुझा हा प्रश्न वाचून मी खूश झाले, कारण हाच गोंधळ सुटला की फ्लेअर निम्मा सुटतो.

ट्रान्सफॉर्मरमधे फेडर बंद ठेवून सुरुवात करतो आणि तो उघडून आवाज काढतो, म्हणजे चार वेळा उघडला तर चार आवाज, हिशेब सरळ. एक लांब, संथ ओढ आणि त्यावर त-क-धि-मि. फ्लेअरमधे उलटं आहे, फेडर उघडाच असतो, आवाज चालूच असतो, आणि आपण फेडर आपटून तो मधेच तोडतो, या आपटण्याला क्लिक म्हणतात. एक काठी एकदा मोडली की दोन तुकडे, दोनदा मोडली की तीन. म्हणून एक क्लिक म्हणजे दोन आवाज आणि दोन क्लिक म्हणजे तीन आवाज. क्लिक मोजू नकोस, आवाज मोज.

आता बघ काय मजा होते. एक क्लिकचा फ्लेअर पुढे जाताना आणि मागे येताना दोन्हीकडे केला, याला ऑर्बिट म्हणतात, तर पुढे दोन आणि मागे दोन असे चार आवाज, म्हणजे त-क पुढे आणि धि-मि मागे. दोन क्लिकचा ऑर्बिट केला तर पुढे तीन मागे तीन, त-कि-ट पुढे, त-कि-ट मागे. म्हणजे दोन क्लिकचा फ्लेअर स्वभावानेच तिनाच्या लयीत पडतो, आणि चाराच्या लयीत तो बसवायला गेलं की लोकांचा हात का अडखळतो ते इथे आहे, ते हाताने तीन वाजवत असतात आणि डोक्यात चार मोजत असतात. तू तोंडाने त-कि-ट म्हण आणि ज्या क्षणी दुसरा त येतो त्या क्षणी रेकॉर्डची दिशा बदल, बाकी काही विचार करू नकोस. चाराच्या लयीत त्याची जागा नाही असं नाही, तिथेही खूप सुंदर बसतो, पण ते नंतर.

चर्पमधे फेडर उघडा धरून पुढे ढकलायचं आणि ढकलतानाच फेडर बंद करत न्यायचा, मग मागे ओढायच्या क्षणी परत उघडायचा, म्हणजे दिशा बदलताना जो घसरल्यासारखा आवाज येतो तो झाकला जातो आणि पक्ष्यासारखा टोकदार आवाज उरतो. दोन्ही हात एकत्र येत नाहीत तेव्हा मी हे करते : रेकॉर्डवाला हात खरा चालवायचा आणि फेडरवाला हात नुसता मांडीवर आपटायचा, बंदला थाप, उघडायला हात वर. दहा-पंधरा मिनिटांत दोन हातांची ओळख होते. मग फेडरवर जा.

जाता जाता, मिक्सरवर क्रॉसफेडरचा कर्व्ह शार्प केलायस ना ते बघ. बऱ्याच मिक्सरवर तो हळूहळू आवाज वाढवणाऱ्या सेटिंगवर असतो, गाणी मिसळायला ते बरं असतं, पण स्क्रॅचला फेडर टोकावरून केसभर हलला की पूर्ण आवाज आला पाहिजे, नाहीतर तुझी क्लिक वेळेवर असूनही ऐकू उशिरा येईल आणि तू विनाकारण स्वतःला दोष देत बसशील. आणि फेडर उलटा करायचं बटण असतं त्याला हॅम्स्टर म्हणतात, फ्लेअरला काही जणांना ते सोपं जातं कारण क्लिकसाठी अंगठ्याकडे ढकलायची दिशा बदलते. दोन्ही करून बघ, एकदा ठरवलं की मग दर आठवड्याला बदलू नकोस.

प्रश्न : माझ्याकडे टर्नटेबल नाही, कंप्युटरला जोडायचा लहान कंट्रोलर आहे आणि ब्लूटूथ स्पीकर. यावर टायमिंग शिकता येईल का की आधी खरं मशीन घेऊ?

कंट्रोलरवर शिकता येतं. ब्लूटूथ स्पीकरवर येत नाही. तो आजच बाजूला ठेवा आणि वायरचा हेडफोन किंवा वायरचा स्पीकर लावा, बाकी काही विकत घ्यायच्या आधी.

कारण सांगते. ब्लूटूथने आवाज पाठवताना तो आधी दाबून लहान केला जातो, मग पाठवला जातो, मग पलीकडे परत उलगडला जातो, आणि यात १५०-२०० मिलिसेकंद सहज जातात. वर पहिल्या उत्तरात बघितलं की ९० बीपीएमला मात्रेचा चौथा भाग १६७ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही त ला हात हलवला तर आवाज क ला ऐकू येणार. गाणी ऐकताना हे कळत नाही कारण तिथे हात आणि कान यांची तुलनाच नसते. पण तुम्ही असं महिनाभर शिकलात तर हात आवाजाच्या आधी पळायला शिकेल आणि मग वायर लावली तरी ती सवय जायला परत महिना लागेल. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधे बफर नावाचा आकडा असतो तो पण कमी करत न्या, आवाज तडतडायला लागला की एक पायरी वर या.

लहान कंट्रोलरच्या चाकाला सहसा मोटर नसते, हात सोडला की चाक थांबतं आणि आवाज सॉफ्टवेअर पुढे नेतं. टर्नटेबलवर खालची प्लेट फिरत राहते आणि मधल्या स्लिपमॅटमुळे, म्हणजे घसरत्या कापडी चकतीमुळे, रेकॉर्ड हाताखाली अडून राहते, सोडली की ती लगेच वेग पकडते, म्हणून तिथे "सोडणं" हा पण एक स्ट्रोक आहे. हे अंगात यायला पुढे कधीतरी खरं टर्नटेबल लागेल आणि घ्याल तेव्हा डायरेक्ट ड्राइव्हचं घ्या, म्हणजे ज्यात मोटर थेट प्लेट फिरवते ते, पट्ट्यावर चालणारं नको, कारण पट्टा हाताच्या दाबाने घसरतो आणि सोडल्यावर वेग यायला वेळ लागतो. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ ला आलेलं डायरेक्ट ड्राइव्ह मशीन, आणि १९७९ चा त्याचा मार्क टू डीजेंमधे इतकी वर्षं टिकला त्याच्या मोठ्या कारणांपैकी त्या मोटरची ताकद हे एक आहे. पण मोजणं, बेबी, चर्प, ट्रान्सफॉर्मर हे सगळं तुमच्या कंट्रोलरवर होईल, थांबू नका.

उशिराच्या बाबतीत अजून एक, कारण मला याचा फटका बसलाय. एका कार्यक्रमात माझ्या शेजारी मॉनिटर स्पीकर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवतात तो, नव्हता, मोठे स्पीकर समोर लांब लावलेले, आणि मी त्यांच्याच आवाजावर वाजवत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरून माझ्यापर्यंत यायला त्याला २९ मिलिसेकंद लागतात, वर समोरच्या भिंतीवरून परत येणारा आवाज वेगळाच. मी ऐकून दुरुस्त करत गेले आणि जितकी दुरुस्त करत गेले तितकी मागे पडत गेले, दहा मिनिटं हेच चाललं, त्या दिवशीचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून मॉनिटर जवळ नसेल तर मी एका कानाला हेडफोन लावते आणि बीट तिथूनच घेते. तुम्हीही पहिल्यांदा बाहेर वाजवाल तेव्हा आधी जाऊन विचारा, मॉनिटर कुठे आहे.

प्रश्न : स्क्रॅच कोणी शोधला? आणि पूर्वी स्क्रीनवर बीट दिसत नव्हते तेव्हा हे लोक मोजायचे कसे?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हे सगळं सुरू झालं. ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीसोबत १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत पार्टी केली ती हिप-हॉपची सुरुवात मानतात, आणि हर्क गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवायचा. स्क्रॅचचा मान ग्रँड विझार्ड थिओडोर यांना देतात, साधारण १९७५ ची गोष्ट, ते तेव्हा शाळकरी पोरगा होते, आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून ओरडत होती आणि त्यांनी रेकॉर्ड हाताने धरून ठेवली ती हाताखाली मागे-पुढे होत राहिली, तो आवाज त्यांनी ऐकला आणि सोडला नाही, असं ते स्वतः सांगतात. घरोघरी हा आवाज पोचला तो १९८३ ला, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या "रॉकिट"मधे ग्रँड मिक्सर डी.एस.टी. ने केलेल्या स्क्रॅचमुळे.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. ब्राँक्सचेच त्या काळातले डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर क्रेयॉनने खूण करायचे आणि रेकॉर्ड घड्याळासारखी वाचायचे, ब्रेक कुठून सुरू होतो तिथे खूण, आणि मग ब्रेक संपला की किती फेऱ्या मागे घ्यायच्या ते मोजून हाताने मागे फिरवायची. याचं गणित स्वतः करून बघा, फार छान आहे. एक फेरी १.८ सेकंदांची. गाणं १०० बीपीएमचं असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदांची, म्हणजे एका फेरीत बरोबर तीन मात्रा. मग दोन बारचा, म्हणजे आठ मात्रांचा ब्रेक किती फेऱ्यांचा? दोन पूर्ण आणि वर दोन तृतीयांश. घड्याळाच्या तबकडीवर दोन तृतीयांश म्हणजे आठ तास, म्हणजे खूण बारावर ठेवून सुरू केली असेल तर ब्रेक संपताना ती तिसऱ्या फेरीत आठवर असणार, आणि तिथून दोन फेऱ्या आणि आठ तास मागे घेतलं की परत "एक". हे लोक आकडेमोड करत बसायचे असं नाही, डोळ्याला आणि मनगटाला ते पाठ असायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून मी अजूनही हे करून घेते, स्क्रीनवर कापड टाकून, कारण नुसत्या लाटा बघून जुळवलेल्या बीटमधे कान झोपलेलाच राहतो.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बारा वर्षांची आहे, स्क्रॅचिंगचं वेड लागलंय. दिवसभर एकच आवाज चालू असतो. हे असंच असतं का, आणि किती वेळ करू द्यावं?

असंच असतं, आणि एकच आवाज तासन् तास घासतेय म्हणजे ती बरोबर शिकतेय. तो "आह" किंवा "फ्रेश" असा आवाज असेल तर तो १९८२ च्या एका रेकॉर्डच्या शेवटचा आहे आणि स्क्रॅच करणारे सगळेच त्यावर शिकतात कारण तो लांब आहे, सपाट आहे आणि त्यात जिथे कापाल तिथे स्वच्छ कापला जातो.

सलग तीन तासांपेक्षा वीस-वीस मिनिटांचे तुकडे बरे, मधे हात झटकायचा, मनगट दुखलं तर त्या दिवशी बंद, दुखणं रेटून काही मिळत नाही. हेडफोन लावत असेल तर आवाजाकडे मात्र तुम्ही लक्ष द्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही मर्यादा आहे, बऱ्याच फोनमधे हे मोजायची सोय असते. आणि जमलं तर एक करा, तिच्याजवळ बसून तुम्ही एक-दोन-तीन-चार मोठ्याने मोजा आणि तिला त्यावर वाजवू द्या. मशीनपेक्षा माणसाबरोबर मोजायला मुलांना फार आवडतं आणि चुकलं की दोघंही एकदमच थांबतात.

प्रश्न : माझं टायमिंग आता बरं आहे, मेट्रोनोमवर चुकत नाही. पण रॅपर मित्राबरोबर वाजवलं की सगळं कंटाळवाणं वाटतं, तो म्हणतो तू सगळीकडे आहेस. कुठे वाजवायचं आणि कुठे नाही हे कसं ठरवायचं?

आता तुला बारच्या पुढचं मोजायला लागेल. आत्तापर्यंत चारपर्यंत मोजलंस, आता बार मोज, आणि त्यासाठी "एक"च्या जागी बारचा नंबर म्हण : एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं आठपर्यंत. रॅपचं एक कडवं बहुतेक सोळा बारचं असतं, म्हणजे हे आठ दोनदा. मित्र वाजवत... म्हणजे म्हणत असताना तू काहीही न वाजवता नुसतं हे मोज, अख्खं गाणं, आणि तो कुठे श्वास घेतो ते ऐक. बहुतेकदा दर दुसऱ्या किंवा चौथ्या बारच्या चारवर, तिथे अर्धी-एक मात्रा मोकळी सापडते. ती तुझी जागा. तिथे एक छोटा चर्प किंवा एक शब्द कापून टाक आणि त्याच्या पुढच्या "एक"च्या आधी हात काढ.

दुसरं म्हणजे तुझी वाक्यं कदाचित सगळी "एक"वर सुरू होत असतील. मेट्रोनोमवर शिकलेल्यांचं असं होतं. आपण बोलताना सगळी वाक्यं एकाच लयीत सुरू करत नाही, तसंच, एकदा दोनच्या "नि"वर सुरू करून बघ, एकदा चारच्या शेवटच्या मि वर सुरू करून "एक"वर संपव. तोच बेबी स्क्रॅच, दोनच हालचाली, पण जागा बदलली की नवीन ऐकू येतो. आणि बीटला झोल असेल, म्हणजे "नि" बरोबर मधे न पडता जरा उशिरा पडत असेल, तर तुझा "नि" पण तेवढाच उशिरा न्यावा लागतो, हाय-हॅट ऐक, ती त्सक-त्सक करणारी झांज, ती सांगते किती उशिरा. मेट्रोनोम हे शिकवणार नाही, इथे बीटच्या तोंडाबरोबर तोंड चालवायचं, त्सऽक-त्स, त्सऽक-त्स, दहा मिनिटं, मग हात.

पुढच्या वेळी मित्र येईल तेव्हा असं ठरवून बसा : तो चार बार म्हणणार, तू चार बार वाजवणार, आणि तुझ्या चारातला शेवटचा बार तू रिकामा सोडणार. प्लेट खाली फिरतेय, रेकॉर्ड तुझ्या हाताखाली थांबलेली, बोटांना स्लिपमॅटची ती बारीक थरथर लागतेय, आणि तू त्याच्याकडे बघून मोठ्याने मोजतोयस, चार-दोन-तीन-चार, आणि तो "एक"वर आत येतो.